बाहेरूनच नमस्कार

प्रत्येक घराण्याला एक कुलदैवत असतं, काही कुलाचार असतात आणि या दोन्हींची काहीही माहिती नसलेला एक मुलगा असतो. आमच्या घराण्यातलं हे तिसरं पद गेली पंचेचाळीस वर्षं मी सांभाळतो आहे. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या की सोळा कोशिंबिरी, नवरात्रातली माळ देवाच्या उजवीकडून की डावीकडून, असला प्रश्न निघाला आणि मी तोंड उघडलं, की घरातल्या समस्त बायका एका सुरात म्हणतात, "तुला कोण विचारतंय? तू बँकेत जा." मी बँकेत जातो. तिथं निदान चलन कुठं भरायचं हे तरी मला माहीत असतं.

एक कुलाचार मात्र मला तोंडपाठ होता. आम्ही सोलापूरचे. पंढरपूर इथून सुमारे ७० किलोमीटर. दर कार्तिकात घरातल्या सगळ्यांनी पंढरपूरला जायचं. चंद्रभागेत पाय धुवायचे. वाळवंटात पुंडलिकाला हात जोडायचे. मग महाद्वारापाशी येऊन नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकायचं, शेजारच्या चोखोबांच्या समाधीला नमस्कार करायचा, मान वर करून कळस बघायचा, दोन्ही गालांवर हलक्या हातानं मारून घ्यायचं आणि लाह्या-बत्तासे घेऊन परत फिरायचं. देवळात जायचं नाही.

हो, बरोबर वाचलंत. पंढरपूरला जायचं आणि विठोबाला भेटायचं नाही. म्हणजे बँकेत जायचं, वॉचमनला नमस्कार करायचा, बोर्ड वाचायचा आणि पैसे न काढता घरी यायचं. (आमचे काही खातेदार असं करतात. पण ते उन्हाळ्यात, आणि ए.सी.साठी.)

यामागचं कारण आजीनं आम्हाला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. "अरे, देवाच्या दारात गर्दी काय कमी आहे? कोण कुठनं चालत आलेलं असतं बिचारं. त्यांना जाऊ दे की आत. आपण जवळचे. आपला नमस्कार बाहेरूनच पोचतो."

काय थोर घराणं! मला तर लहानपणी अंगावर काटा यायचा. शाळेत 'आमच्या घरची एक प्रथा' या निबंधात मी हे लिहिलं तेव्हा बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. पुढं बँकेत चिकटल्यावर जेवणाच्या सुट्टीत कुणी पंढरपूरची गोष्ट काढली, की मी डबा बाजूला सारून सहज म्हटल्यासारखं म्हणायचो, "आम्ही नाही हो आत जात. आमचा आपला बाहेरूनच नमस्कार." समोरचा गप्प व्हायचा. नम्रतेचा एवढा गर्व मी दुसऱ्या कुठल्या घराण्यात पाहिलेला नाही.

आता रीत कधी बदलत नाही असं म्हणतात, पण तसं काही नसतं. मूळ रीत एकादशीची. आता आम्ही एकादशी उलटून गेल्यावरचा शनिवार गाठतो. कारण २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. चार पिढ्यांचा मुहूर्त एका परिपत्रकानं हलवला आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

उपासाचंच बघा. आमच्या पणजोबांचं सोवळं असं कडक होतं, की कांदा घरात आलेला कळला तर ते अंगणात स्नान करायचे. एकादशीला तर विचारू नका. आणि त्यांच्या उपासाच्या पानात काय असायचं? साबुदाण्याची खिचडी. त्यात बटाटा, मिरची, शेंगदाण्याचं कूट. शेजारी रताळ्याचा कीस. आता साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि हा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि रताळं हे पाचही जण मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर जहाजात बसून आलेले. आपल्याकडे साबुदाण्याचे कारखाने निघाले तेच मुळी तामिळनाडूत सेलमच्या बाजूला, १९४० च्या दशकात. सातासमुद्रापलीकडे गेलेल्या माणसाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या आमच्या धर्ममार्तंडांनी सातासमुद्रापलीकडून आलेल्या शेंगदाण्याला त्याचं गोत्रसुद्धा विचारलं नाही. थेट एकादशीच्या पानावर बसवलं!

सांगायचा मुद्दा, आपली परंपरा स्वयंपाकघरात भलतीच उदार असते. तिचं सगळं कडक धोरण दारापाशी.

आणि आमच्या दारातलं खरं धोरण मला कळलं ते २००० साली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू असतात, एक जमेची आणि एक नावेची, असं छातीठोकपणे सांगण्याच्या वयात. दिवाळीच्या आधी माळा साफ करताना मला लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही सापडली. पणजोबांची कीर्द. पणजोबा एका वकिलाकडे कारकून होते. आजोबाही कारकून, बाबाही कारकून, मीही कारकूनच होणार होतो. राजघराण्यात तलवार सापडते, आमच्यात वही सापडायची. नशिबानं ती बाळबोध अक्षरात होती. मोडीत असती, तर हा लेख वाचण्याची वेळ तुमच्यावर आली नसती.

पणजोबा हिशेबाला पक्के होते. दर कार्तिकीचा खर्च ओळीनं लिहिलेला. बार्शी लाइट रेल्वेचं भाडं. (तेव्हा कुर्डुवाडीला उतरून त्या अरुंद रुळांच्या गाडीनं पंढरपूरला जावं लागे.) तुळशीहार, १ आणा. बुक्का, अर्धा आणा. देवापुढं दक्षिणा, १ रुपया. चिरंजीवास पिपाणी, २ आणे, आणि पुढं कंसात 'नाहक'. हे चिरंजीव म्हणजे आमचे आजोबा.

म्हणजे पणजोबा आत जात होते! मी पानं उलटत गेलो. १९४४, आत. १९४५, आत. १९४६, आत. आणि मग १९४७ ची कार्तिकी:

'गाडीभाडे. तुळशीहार नाही. दक्षिणा नाही. मंदिर बाटले. बाहेरूनच नमस्कार केला.'

मी माळ्यावर बसून ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायची गरज नव्हती. १९४७ साली पंढरपूरला काय झालं होतं, हे महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तरी थोडं मागं जाऊन सांगतो, कारण मागची बाकी पुढं ओढल्याशिवाय आमचा हिशेब लागत नाही.

विठोबाची गोष्ट सुरूच होते ती दारात थांबण्यापासून. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. देव भेटायला आला. पुंडलिकानं मागं न बघता वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली, अजून कमरेवर हात ठेवून उभा आहे. काउंटरवर पाच मिनिटं थांबावं लागलं तर मॅनेजरची केबिन गाठणारे आमचे खातेदार मी रोज पाहतो. त्यामुळे या देवाबद्दल मला व्यवसायाच्या दृष्टीनंही आदर आहे. यात्रेच्या दिवसांत तर त्याचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. देव रात्रंदिवस उभा. यात्रा सरली, की प्रक्षाळपूजा करून त्याचा शीण घालवतात. मार्चअखेर झाल्यावर आमची अशी पूजा कुणी करत नाही.

असा हा भक्तासाठी ताटकळणारा देव. पण त्याच्या दारात माणसं मात्र वेगळ्या कारणानं ताटकळत होती. चौदाव्या शतकातले चोखामेळा जवळच्याच मंगळवेढ्याचे. जातीनं महार, म्हणून देवळाच्या आत यायची बंदी. देवाचं नाव घेत जन्म बाहेर गेला. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. जन्मभर ज्यांना उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यांना मरणानंतर उंबरठ्यासमोर कायमची जागा मिळाली.

तिथून पुढं १९४७ पर्यंत किती वर्षं होतात? सहाशे नऊ. आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो. इथं एका माणसाचा अर्ज सहाशे नऊ वर्षं विचाराधीन होता.

मधल्या काळात दारं कुणी ठोठावली नाहीत असं नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. हा प्रश्न देवदर्शनाचा नसून माणसाच्या हक्काचा आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. सत्याग्रह काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ साली नागपूरला ते खरं करून दाखवलं. दार उघडायला आपण इतका वेळ लावला, की बाहेर उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांना त्या दाराची गरजच उरली नाही. उशिरा दिलेल्या रकमेवर व्याज द्यावं लागतं, हे बँकेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. ते व्याज कुणी, कसं द्यायचं, हे अजून ठरायचं आहे.

पंढरपूरचं दार उघडावं म्हणून साने गुरुजी उभे राहिले ते १९४६ च्या शेवटाला. आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या. सेनापती बापट बरोबर होते, राष्ट्र सेवा दलाची पोरं गाणी म्हणत पुढं होती. दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विरोधकांनी काळी निशाणं दाखवली, घोषणा दिल्या. गांधीजींपर्यंत अपुरी माहिती गेली होती, त्यांनी उपोषण सोडा म्हणून तार केली. ज्या माणसाच्या शब्दाखातर गुरुजी तुरुंगात गेले, त्याची तार त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवली. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली. १० मे रोजी बडव्यांनी मंदिर खुलं करायला मान्यता दिली आणि उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारनं मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

आणि देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी आमचे पणजोबा देवळाबाहेर पडले.

त्यांच्यासारखे आणखीही होते. दार उघडायच्या आधी काही मंडळींनी मंत्र म्हणून देवाचं तेज एका घागरीत काढून घेतलं, असं पंढरपुरात सांगतात. म्हणजे आत राहिला तो नुसता दगड, आणि देव घागरीत. एका शाखेतली ठेव मुदतीपूर्वी काढून दुसऱ्या शाखेत वळती केली. फक्त यात ठेवीदाराला कुणी विचारलं नाही. ज्याचं तेज, त्याची सही कुठं आहे?

मी वही घेऊन माळ्यावरून उतरलो आणि तडक आजीकडे गेलो. आजी तेव्हा सत्तरीची. १९४७ साली सतरा वर्षांची, घरात येऊन जेमतेम वर्ष झालेली सून. ती वाती वळत होती. मी ती ओळ मोठ्यानं वाचली. मला वाटलं, ती दचकेल, रडेल, निदान वाती तरी बाजूला ठेवेल. ती म्हणाली, "सापडली होय वही? मला वाटलं वाळवीनं खाल्ली."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? पेपर भिरकावला होता मामंजींनी. त्या दिवशी जेवले नाहीत. मी आपली वाढून बसलेली."

"आणि आम्हाला तू सांगत आलीस, लांबून आलेल्यांना आत जाऊ द्यायचं म्हणून!"

"मग काय सांगू पोरांना? तुमचा पणजोबा माणसांवर रुसून देवाच्या दारात उभा राहिला म्हणून? दूध नासलं तर दूध टाकायचं. पातेलं कशाला टाकायचं? पंढरपूरला जायचं, पायरीवर डोकं ठेवायचं, हे चांगलंच आहे की. ते ठेवलं. त्याचं कारण नासलेलं होतं, ते टाकलं. दुसरं घातलं."

मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आणि मी जाऊन आले आहे आत. दुसऱ्याच वर्षी. शेजारच्या बायकांबरोबर."

"पणजोबांनी जाऊ दिलं?"

"त्यांना सांगितलं बांगड्या भरायला जाते. भरल्या की बांगड्या. खोटं कुठं बोलले?"

हीच आजी त्या घरात, सासरे वाड्याच्या ओसरीवर बसलेले असताना, आतल्या खोलीत मुलांना 'श्यामची आई' वाचून दाखवायची. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांना आमच्या घरात ओसरीवर बंदी होती, स्वयंपाकघरात नव्हती. शेंगदाण्यासारखंच.

त्या रात्री मी वही शेवटपर्यंत वाचली. १९४८, बाहेरूनच नमस्कार. १९४९, बाहेरूनच. १९५० च्या जानेवारीत राज्यघटना लागू झाली आणि तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. कार्तिकीला पणजोबा बाहेरच. बारा वर्षं हा कारकून त्या महाद्वारात येऊन उभा राहिला आणि आत न जाता परत गेला. स्वतःच्या मर्जीनं. आणि कुठं उभा राहिला? जिथं चोखोबांना जबरदस्तीनं उभं केलं होतं, बरोबर तिथंच. आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का?

कीर्दीत मनातलं लिहीत नाहीत. पण शेवटच्या कार्तिकीची, १९५९ ची, नोंद अशी आहे: 'बाहेरूनच नमस्कार. चोखोबास तुळशीहार, १२ नवे पैसे.'

पुढच्या वर्षी पणजोबा गेले. त्या बारा पैशांचा अर्थ मी लावत बसत नाही. एवढंच सांगतो, की नातवंडांच्या पिपाण्यांपासून सुनेच्या गजऱ्यापर्यंत सगळ्या खर्चांपुढं कंसात 'नाहक' लिहिणाऱ्या त्या माणसानं या नोंदीपुढं काहीही लिहिलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं २००० साली कळल्यावर तुम्ही काय केलंत? वाचकहो, मी काहीही केलं नाही. वही ट्रंकेत ठेवली, बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि दर कार्तिकात पायरीवर डोकं टेकत राहिलो. बाबांसमोर विषय काढायची हिंमत नव्हती. त्यांच्या दृष्टीनं ती घराण्याची रीत होती, आणि तिची खानदानी कारणं ते पाहुण्यांना माझ्याहून रंगवून सांगत.

पण वर्षभरात नोकरीतला पहिला धडा मिळाला. मी एका खात्यात चुकीची रक्कम लिहिली आणि घाईघाईनं रबरानं खोडायला लागलो. हेडक्लार्कांनी माझा हात धरला. "खोडायचं नाही. खरवडायचं नाही. चुकीची नोंद तशीच राहू द्यायची. खाली दुरुस्तीची नोंद करायची आणि तिच्यात लिहायचं, की अमुक तारखेची चूक. नाहीतर पुढच्या माणसाला कळणार कसं, की इथं चूक झाली होती?"

मला एकदम आजी आठवली. आजीनं दुरुस्ती केली होती, तीही फार चांगली. पण नोंद न करता केली होती. नासलं ते गुपचूप मोरीत ओतलं आणि पातेलं लखलखीत घासून ठेवलं. आम्ही पोरं त्या पातेल्यात तोंड बघून 'काय आमचं घराणं' म्हणत राहिलो. ज्या पायरीवर आम्हाला मान खाली घालायला हवी होती, तिथून आम्ही मान ताठ करून परत यायचो.

आजी गेली. इकडे पंढरपुरातही पाणी वाहत होतं. १९७३ साली केलेल्या पंढरपूर मंदिर कायद्याचा खटला कोर्टांच्या पायऱ्या चढत राहिला. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींच्या लोकांकडून आणि बायकांकडूनही अर्ज मागवले. आत एवढी उलथापालथ झाली, आणि आम्ही बाहेर लाह्या-बत्तासे घेत होतो.

शेवटी आमच्या कन्येनं तोंड फोडलं. ती आठवीत आहे. शाळेत तिला तोच विषय आला, 'आमच्या घरची एक प्रथा'. (शाळांमध्येही परंपरा असतात.) मी तिला जुना मजकूर सांगायला सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, लांबून आलेल्यांना पुढं जाऊ द्यायचं म्हणून आपण आत जात नाही ना? मग तिरुपतीला आपण तीनशे रुपयांचं तिकीट काढून चालत आलेल्यांच्या पुढं का गेलो?"

मी म्हणालो, "तिथं आपण लांबून आलो होतो." पण माझा मलाच आवाज पटला नाही. मी उठलो आणि ट्रंकेतली वही काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं वाचली. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपण अठ्ठ्याहत्तर वर्षं बहिष्कार घालून बसलोय? आणि आपल्यालाच माहीत नाही?"

तेव्हा बाबा दारात उभे होते. केव्हापासून ते कळलं नाही. त्यांनी वही घेतली, चष्मा पुसला, ती ओळ वाचली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि फिरायला निघून गेले. त्या दिवशी ते जरा जास्तच लांब फिरून आले.

पुढच्या शनिवारी आम्ही पंढरपूरला गेलो. चंद्रभागा झाली, पुंडलिक झाला. महाद्वारापाशी आल्यावर मी घसा खाकरून जाहीर केलं, "या वर्षी आपण आत जायचं." आमच्या सौभाग्यवतींनी पदर सारखा करत म्हटलं, "चला की. मी तीनदा जाऊन आले आहे."

"तू? कधी?"

"माहेरच्यांबरोबर. तुम्हाला सांगितलं होतं की, बांगड्या भरायला जाते म्हणून."

म्हणजे चार पिढ्या ही रीत पाळत होतो ते आम्ही पुरुष. या घरात आलेली प्रत्येक बाई हातभर बांगड्या भरून आणि देवाला भेटून मोकळी झाली होती!

बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथं चपला सांभाळतो." चपलांच्या पिशवीसकट ते समोरच्या फुलवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसले. मी काही बोललो नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एवढा हक्क असतो.

आत जाण्याआधी चोखोबांपाशी आम्ही थांबलो. नेहमीसारखा हात लावून सटकलो नाही. भिंतीची हकीकत आणि पणजोबांची हकीकत मी मुलीला तिथंच उभं राहून सांगितली. मागच्या माणसानं "माऊली, सरका की" म्हटल्यावर सरकलो.

रांग तीन तासांची होती. वीस-बावीस वर्षं मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसत आलो आहे. आत उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं, की रांग पुढं सरकते आहे की नाही हे मानेनं नव्हे, पायांनी कळतं. पुढं परभणीकडचे एक शेतकरी होते. त्यांनी पंचातून शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मुलीला दिला. मागं एक आजीबाई. रांग सरकली की त्या माझ्या पाठीवर हात ठेवून पुढं यायच्या. "गाव कंचं?" एवढंच विचारलं. बँकेत साधं खातं उघडायचं म्हटलं तरी मी आडनाव, पत्ता, आईचं नाव सगळं विचारतो. इथं तीन तास अंगाला अंग लावून उभे होतो आणि आडनाव कुणी कुणाला विचारलं नाही. पणजोबांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

पायांवर डोकं ठेवायला मिळालं ते दोन सेकंद. थंडगार, गुळगुळीत झालेले पाय. काय मागायचं ते तीन तास ठरवलं होतं, सगळं विसरलो. त्या घागरीतून काय गेलं ते मी सांगू शकत नाही. मला तरी शिलकीत काही कमी दिसलं नाही.

बाहेर आल्यावर त्या मागच्या आजीबाई वाकल्या आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझ्या पायांना हात लावला. वारकऱ्यांची रीतच आहे ती, लहानमोठं न बघता एकमेकांच्या पाया पडायचं. मी इतका गडबडलो, की वाकताना माझा चष्मा त्यांच्या पायांवर पडला. त्यांनीच तो उचलून दिला. देवाच्या दारात कसं वागावं यावर मी बऱ्याच पाट्या वाचल्या आहेत. रांगेत चला, ढकलू नका, शांतता राखा. त्या सगळ्या पाट्यांत नसलेली गोष्ट त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात करून दाखवली.

वळसा घालून फुलवाल्यापाशी आलो, तर स्टूल रिकामं. बाबा नाहीत. चपलांची पिशवी उघडी पडलेली, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या नव्या चपला गायब.

"आजोबा होते ना इथं?" मी फुलवाल्याला विचारलं.

"होते की. तुमी आत गेल्यावर घटकाभर बसले. मग दोन हार घेतले. एक त्या चोखोबाला घातला अन् दुसरा घेऊन रांगेत गेले. मला म्हनले, चपलांवर लक्ष ठेवा. आता माज्याकडं एवढं गिऱ्हाईक, मी काय बगणार?"

आम्ही दोन तास वाट पाहिली. सौभाग्यवती अनवाणी. बाबा बाहेर आले तेव्हा कपाळावर बुक्का होता आणि टोपी वाकडी झाली होती. आमच्याजवळ येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चपला नीट आहेत ना?"

त्या रात्री घरी आल्यावर मी पणजोबांची वही काढली. तिच्यात शेवटची काही पानं कोरी आहेत. १९५९ च्या नोंदीखाली एक रेघ मारली आणि लिहिलं:

'कार्तिकी १९४७ च्या चुकीची दुरुस्ती. सगळे आत गेलो. तुळशीहार २. चपलांचा १ जोड खर्ची टाकला.'

कन्येनं खांद्यावरून वाकून वाचलं. पेन घेतलं आणि चपलांच्या पुढं कंसात लिहू लागली. मी तिचा हात धरला. ते तसंच राहू दिलं.